मिसरातून परत आलेलं पत्र

माझ्या बापानं मला शाळेत घातलं ते शिकण्यासाठी नव्हे, पाण्यासाठी. आमचं माहेर जतकडचं. तेव्हा जत हे संस्थान होतं आणि उन्हाळा लागला की गावातल्या बायका घागरी घेऊन दोन-दोन कोस चालायच्या. शाळेत मात्र पाण्याचा मोठा रांजण रोज भरलेला असे. बाप म्हणाला, "बसंल पोरगी तितं सावलीला. पानी तरी पोटभर पिईल." म्हणून भावाच्या मागोमाग मीही जाऊन बसू लागले. निम्मी पोरं कानडी बोलायची. मास्तर मराठीत शिकवायचे आणि रागावले की कानडीत शिव्या द्यायचे. या सगळ्या गोंधळात मी चौथी पास झाले. बापाला स्वतःला अंगठा उठवण्यापलीकडे काही येत नव्हतं. त्याच्या त्या रांजणाचे उपकार मी जन्मभर विसरले नाही.

चौदाव्या वर्षी लग्न होऊन कृष्णाकाठी आले. कऱ्हाडच्या खालच्या अंगाला सासर. दारात विहीर, मळ्यात ऊस, गोठ्यात दोन म्हशी. मला निरोप देताना माहेरच्या बायका रडल्या कमी आणि हेवा जास्त केला. "पान्याच्या गावी पडलीस गं बाई," म्हणाल्या. सासूला मी आत्याबाई म्हणत असे. त्याही दिवसातून दहा वेळा तेच ऐकवायच्या. पोहरा विहिरीत सोडला की, "बग, हाय का असं तुज्या बापाकडं?" मी हंडा भरून उचलायची आणि गप्प बसायची. त्या खोटं बोलत नव्हत्या, म्हणून तर जास्त राग यायचा.

लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच हे पलटणीत भरती झाले आणि मिसरात, म्हणजे इजिप्तला, लढाईवर गेले. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. आज केस पांढरे झाले तरी मी 'हे'च म्हणते, वाचणाऱ्यानं समजून घ्यावं. गावात घराआड एक माणूस लढाईवर होता. आमचे मामंजी, म्हणजे सासरे, पहिल्या लढाईतले पेन्शनर. त्यांची मिशी आणि आवाज दोन्ही पलटणीतून जसेच्या तसे आलेले. पण अक्षराशी त्यांची ओळख सहीपुरतीच होती. त्यामुळे रविवारी सकाळी आमच्या सोप्यात पत्रवाचन चाले. शाळेचे मास्तरच गावचं टपाल सांभाळायचे. आठवड्यात आलेली पत्रं ते घेऊन येत आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचत. कुणाच्या पोराला कुठं ताप आला, कुणाला बढती मिळाली, सारं गाव एकदमच ऐके.

मी माजघराच्या दाराआड उभी राहून ऐकायची. शेवटी 'वडीलधाऱ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद' असं आलं की पत्र संपे. मी या दोन्हींत कुठं बसते ते मला कधी कळलं नाही. चारचौघांत वाचायच्या पत्रात माणूस बायकोला लिहिणार तरी काय? त्यांचा दोष नव्हता, पण दाराआड उभं राहून माझे पाय दुखायचे आणि डोळ्यांत पाणी यायचं.

गंमत म्हणजे मला वाचता येतं हे सासरी कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. वाण्याकडून मीठ-मिरची बांधून आलेला कागद मी चुलीत घालण्याआधी वाचून काढायची. एकदा नदीवर धुणं धुताना असाच एक कागद वाचत बसले होते, तेव्हा मास्तरांच्या बायकोनं पाहिलं. त्या वाईकडच्या, इंग्रजी दोन यत्ता शिकलेल्या. त्यांनी काहीच विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ताकाच्या निमित्तानं आल्या आणि पदराखालून एक पुस्तक काढून दिलं. मी ते जोंधळ्याच्या कणगीत खुपसलं. पुढं दीड-दोन वर्षं ती कणगीच माझी शाळा होती. पुस्तक संपलं की ताकाच्या लोटक्याबरोबर परत जायचं आणि दुसरं यायचं. मास्तरीणबाई नदीकाठच्या वाळूत गणितं घालायच्या आणि मी बोटानं सोडवायची.

त्यांनीच एकदा सांगितलं की साताऱ्याला बायकांचं एक वसतिगृह आहे. तिथं राहून सातवीची फायनल करता येते, मग ट्रेनिंग, आणि मग शाळेत नोकरी. हे ऐकलं आणि माझी झोप उडाली. चुलीपुढं बसले तरी तेच, उसाचा पाला काढायला गेले तरी तेच. मला सासरी जाच नव्हता, हे मी आधीच सांगून टाकते. पोटाला होतं, अंगाला होतं. पण दिवस उगवायचा, मावळायचा, आणि त्यात माझं म्हणावं असं काही नसायचं. हे कुणाला सांगायचं? ज्या बाईला पाण्याच्या गावी दिलंय तिनं आणखी मागायचं म्हणजे शेफारल्याचं लक्षण. मामंजींना विचारायची तर छाती नव्हतीच. मग मी एक उपाय शोधला. ह्यांनाच गुपचूप पत्र लिहायचं, आणि ह्यांनी मामंजींना लिहावं अशी विनंती करायची. म्हणजे धाडस माझं, पण तोंड त्यांचं.

पत्र चांगलं दोन पानी लिहिलं. पत्ता कोनाड्यातल्या जुन्या पाकिटावरून उतरवून घेतला. नंबर लिहिला, पलटण लिहिली, आणि नावापाशी हात थांबला. तोंडानं कधी जे घेतलं नाही ते हातानं कसं लिहू? कुणी बघत नव्हतं. घरात मी आणि मांजर. तरीही बोटं पुढं सरकेनात. शेवटी मी नावाच्या जागी लिहिलं, 'मामंजींचे थोरले चिरंजीव यांस.' मला ते अगदी बरोबर आणि अदबीचं वाटलं. पत्राखाली माझी सही म्हणून 'घरातून' एवढंच. पाकिटाच्या मागं गाव आणि तालुका घातला, आणि मामंजींचंही नाव घ्यायचं नसल्यामुळे लिहिलं, 'चावडीमागील घर, विहिरीचे.' मास्तरीणबाईंनी ते न बघताच टपालात टाकलं.

पाच महिने काही आलं नाही. ह्यांची पत्रं यायची, पण माझ्या पत्राचा त्यांत उल्लेख नसायचा. मी समजले की ह्यांना राग आला.

मग एका रविवारी मास्तर बसले, दोन-तीन पत्रं वाचून झाली, आणि त्यांनी एक मळकं पाकीट उचललं. त्यावर शिक्क्यांवर शिक्के, मिसरातले, आणखी कुठकुठले. मागं आमच्या घराचा पत्ता. "हे तुमच्या चिरंजीवांचं दिसतंय," मास्तर मामंजींना म्हणाले आणि वाचू लागले. 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष. इकडील सर्व क्षेम. आपली प्रकृती कशी आहे ते कळवावे. म्हैस व्याली, रेडी झाली.'

मामंजी म्हणाले, "आं? मिसरात कंची म्हैस?"

दाराआड मला उमगलं, ते माझंच पत्र होतं. नंबरातला एक आकडा मी उतरवताना चुकले होते. नाव असतं तर कुणीतरी माणूस शोधला असता. नाव नाही, नंबर भलत्याचा. ते पत्र आगबोटीनं मिसरात फिरून, मामंजींचे थोरले चिरंजीव कोण हे कुणालाच न कळल्यामुळे, परत मामंजींच्याच सोप्यात येऊन पडलं होतं. मास्तर भरात होते. पुढची ओळ त्यांनी वाचून टाकली तेव्हा कुठं त्यांच्या लक्षात आलं: 'आपल्या मातोश्री मला दिवसातून दहा वेळा म्हणतात की तू पाण्याच्या गावी पडलीस. ते खरे आहे, पण ऐकून माझे कान किटले.'

सोप्यात कुणीतरी फिस्सकन हसलं. मास्तरांनी पत्राची घडी घातली. आत्याबाई माझ्या शेजारीच सुपात कडधान्य पाखडत होत्या. त्यांचं सूप थांबलं.

"आवं मास्तर, थांबला का? वाचा की," मामंजी म्हणाले.

"हे... घरातलं पत्र आहे. खाजगी आहे."

"खाजगी काय असतंय? माज्या घरचं हाय न्हवं? वाचा."

आणि मास्तरांनी वाचलं. मला इथे काही कमी नाही, पण माझे असे काही नाही, हे वाचलं. साताऱ्यास जाऊन शिकावे आणि मास्तरीण व्हावे असे फार मनात आहे, हे वाचलं. मामंजींना विचारण्याचे धाडस मला होत नाही, त्यांचा आवाज फार मोठा आहे, हेही वाचलं. आत्याबाई सूप तिथंच ठेवून गोठ्यात निघून गेल्या. जमिनीनं पोटात घ्यावं असं मला वाटलं.

दोन दिवस घरात कुणी माझ्याशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी मामंजींनी मला सोप्याच्या उंबऱ्यापाशी बोलावलं. त्यांनी आवाज बारीक करायचा प्रयत्न केला होता. तो त्यांना जमत नव्हता, पण प्रयत्न मला दिसला आणि तिथंच मला रडू आलं.

"पोरी, तुला लिवता येतंय?"

"व्हय."

"मग नाव का न्हाई घातलंस?"

"कसं घालू? आमी नाव घेत न्हाई."

ते मिशीतल्या मिशीत हसले. "पलटनीत नावाबिगार मानूस घावत न्हाई. म्होरल्या पत्रात नाव घाल. त्यो व्हय म्हनला तर जा."

मी पुन्हा पत्र लिहिलं. देवाला हात जोडले आणि त्यांचं नाव, सासऱ्यांचं नाव, आडनाव, सगळं एका दमात लिहून काढलं. आभाळ कोसळलं नाही. मांजरसुद्धा उठलं नाही.

उत्तर यायला चार महिने लागले. रविवारी मास्तरांनी पाकीट पाहिलं आणि फोडलं नाही. मामंजींना म्हणाले, "घरात वाचणारं माणूस असताना मी कशाला?" मामंजींनी मान डोलावली. मी पदर पुढं ओढून उंबऱ्याच्या आत बसले, आणि सोप्यातली दहा-वीस माणसं माझ्या तोंडाकडं बघू लागली.

वाचणाऱ्याचे डोळे तोंडाच्या पुढं धावतात, हे तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. नमस्कार वाचत होते तोवर डोळ्यांनी खालची ओळ गाठली: 'शिकण्याचे म्हणाल तर तूर्त नको. आईस एकटीला काम झेपणार नाही. मी आल्यावर बघू.'

मनात काय आलं ते खरं सांगते. मास्तर लांब बसले होते. बाकी कुणालाच वाचता येत नव्हतं. 'नको'च्या जागी 'जावे' म्हटलं असतं तर मिसरातून कोण येणार होतं सांगायला? माझं सगळं आयुष्य त्या एका शब्दावर आलं होतं आणि तो शब्द माझ्याच तोंडात होता. हे परत येतील तोवर माझी फायनल झाली असती. मी थांबले. मग मी वाचलं, जसं होतं तसं वाचलं. फार सच्ची होते म्हणून नाही. ज्या कामासाठी एवढा जीव टाकला त्याची सुरुवातच खोटं वाचून करायची, याचा मला स्वतःचाच संताप आला. 'तूर्त नको' म्हणताना आवाज फाटला, पण म्हटलं.

मामंजी खाकरले आणि म्हणाले, "झालं तर मग. न्हाई म्हनतोय त्यो."

तेवढ्यात आतून आत्याबाईंचा आवाज आला. परकी माणसं असताना त्या सोप्याकडं कधी बोलत नसत.

"त्यानं न्हाई लिवलं, ते बी वाचलंस व्हय गं?"

"व्हय."

"मास्तर, बगा बरं, लिवलंय का तसं?"

मास्तर उठून आले, पत्र पाहिलं, म्हणाले, "तसंच लिहिलंय. अक्षर न् अक्षर वाचलं यांनी."

"मग जाऊ दे तिला."

मामंजी म्हणाले, "आगं, पोरगं न्हाई म्हनतंय!"

"पोरगं मिसरात हाय. भाकऱ्या मला थापायच्या हायत, त्याला न्हाई. माजं मला झेपतंय. जे लिवलंय ते समदं वाचती ती. जाऊ दे."

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. ज्यांच्यामुळे कान किटले असं मी लिहिलं होतं, गावानं ते ऐकलं होतं, त्याच बाईनं माझं दार उघडलं. का, ते मला कळलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही. त्या दारातून मी बाहेर पडले एवढं मात्र खरं.

साताऱ्याला गेले ती कोळशाच्या गॅसवरच्या मोटारीतून. चढ आला की उतारू खाली उतरून चालायचे. सोबतीला मामंजी होते, डोक्यावर माझी वळकटी घेऊन. वसतिगृहात बहुतेक जणी टाकलेल्या नाहीतर विधवा. मला कुंकू लावलेलं बघून एकीनं विचारलं, "तू कशाला आलीस?" मी म्हटलं, "सासूनं धाडलं." त्या दिवसभर हसत होत्या. थंडी मरणाची आणि रॉकेल रेशनचं, त्यामुळे आम्ही उजाडता उजाडता अंगणात बसून पाठ करायचो. इतिहास, भूगोल, हिशेब, आणि त्याबरोबर मोडी. मोडी वाचताना माझा घाम निघायचा. शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, "जुनी कागदपत्रं उद्या वाचणार कोण?" त्या बाई कडक होत्या. त्यांनी मला तीनदा रडवलं, आणि आज माझ्या हातून त्यांना रोज नमस्कार घडतो.

ह्यांचं पुढं काय झालं ते सांगून टाकते. लढाई संपल्यावर हे आले, चार दिवस फुगून बसले. मग माझ्या वह्या चाळता चाळता म्हणाले, "मिसरात पत्र आलं की मला दुसऱ्याचे पाय धरावे लागायचे. मला शिकवशील का?" ह्यांची पत्रं पलटणीतला कारकून लिहायचा हे मला तोवर माहीत नव्हतं. मला सांगलीकडच्या एका गावी शाळा मिळाली तेव्हा सामानाची बैलगाडी ह्यांनीच हाकली. तिथं मी एकतीस वर्षं शिकवलं. दिवस उगवायचा आणि मावळायचा तसाच, पण मावळेपर्यंत चाळीस पोरांच्या आवाजानं भरून जायचा. मला याहून अधिक काही नको होतं. माणसं विचारतात, एवढं धाडस कुठून आलं? माझं धाडस एका शब्दापुरतं होतं. बाकीचं सगळं मला लोकांनी दिलं.

आणि आत्याबाईंनी मला का जाऊ दिलं, ते साताऱ्याच्या पहिल्या वर्षीच्या दिवाळीत समजलं. सुट्टीला घरी आले होते. भाऊबीजेचा दिवस. दुपारी घर रिकामं होतं. आत्याबाईंनी उतरंडीतलं खालचं गाडगं काढलं, त्यातून फडक्यात गुंडाळलेला एक कागद माझ्यापुढं ठेवला. पिवळा पडलेला, घड्यांवर फाटलेला, मोडीत लिहिलेला.

"ह्ये वाच," म्हणाल्या.

त्यांना एकुलता एक भाऊ होता हे मला त्या दिवशी कळलं. पहिल्या लढाईला निघताना तो निरोप घ्यायला आला होता. 'तू एकला हाईस, जाऊ नगंस' म्हणून आत्याबाई त्याच्याशी कडाकडा भांडल्या. तो ताटावरून उठला आणि तसाच गाडीत जाऊन बसला. आत्याबाईंनी चुलीपुढची भाकरी फडक्यात बांधली, धावत गेल्या आणि रागानंच ती गाडीत भिरकावली. गाडी गेली. वर्षाच्या आत हे पत्र आलं. बाजाराच्या दिवशी आत्याबाई ते एका कारकुनाला दाखवायला घेऊन गेल्या. तो घाईत होता. त्यानं वरवर नजर फिरवली, म्हणाला, "भाऊ गेला तुमचा, बाई," आणि कागद परत दिला. दोन पानी पत्राचं त्यानं एवढंच वाचलं. तेच पुन्हा दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला नको, म्हणून आत्याबाईंनी ते मग कुणालाच दाखवलं नाही.

मी एकेक अक्षर लावत वाचू लागले. ते बसऱ्याहून त्याच्या सोबत्यानं लिहिलेलं होतं. तापानं आठ दिवस आजारी होते. औषधपाणी झाले. आपल्याच माणसांनी अग्नी दिला. आत्याबाई खाली मान घालून ऐकत होत्या. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं: 'शुद्धीवर असता त्यांनी सांगून ठेविले की बहिणीस जरूर कळवावे. तिने गाडीत टाकलेली भाकरी पुण्यास पोहोचेतो पुरवून खाल्ली. ती वाया गेली असे तिने मनात आणू नये.'

आत्याबाईंनी मान वर केली.

"खाल्ली म्हनं?"

"व्हय आत्याबाई. पुन्यापतोर पुरवून खाल्ली."

त्या भिंतीला टेकून बसल्या. मग डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "पयल्यापासनं वाच. सावकाश वाच."

मी पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागले.